डिनर सेट

मने, काल रात्री फोनवर तू आधी रडलीस, मग नाक पुसून म्हणालीस, "ताई, ती तुझी सिस्टीम थिंकिंगची पुस्तकं पाठवून दे ना." मला हसू आलं आणि तू फोन ठेवलास. अगं, तुला नाही हसले. बारा वर्षांपूर्वीची मी आठवले. मीही अशीच कंपनीच्या बाथरूममध्ये रडून, तोंड धुऊन, संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात उतरले होते आणि दिसेल ते मॅनेजमेंटचं पुस्तक उचलून आणलं होतं. पुस्तकं उद्या कुरिअर करते. पण ती वाचून माझं नक्की काय झालं ते आधी ऐक. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आईच्या कपाटात वरच्या फळीवर तो स्टीलचा डिनर सेट आहे ना, एक्कावन्न नगांचा, प्रत्येक ताटलीच्या मागे कंपनीचं नाव कोरलेला? तो मला वर्धापनदिनाला मिळाला होता, सगळ्या कंपनीसमोर. गिऱ्हाइकाची लाईन थांबू नये म्हणून मी दिवसरात्र धावले, त्याबद्दल. बाबा गावाहून आले होते, नवा शर्ट घालून. मने, ती आग मीच लावली होती. आणि विझवली म्हणून मलाच बक्षीस मिळालं. बक्षीस घेताना मला याचा पत्ताही नव्हता. कळलं ते चार महिन्यांनी, कंपनीच्या बसमध्ये, पुस्तक वाचता वाचता.

चाकणच्या त्या कारखान्यात मी पीपीसीत होते. पीपीसी म्हणजे कुठला माल कधी करायचा ते ठरवायचं आणि झाला नाही की दोन्हीकडून बोलणी खायची. आम्ही गिअर आणि शाफ्ट करायचो. मशीनवर तयार झालेला गिअर भट्टीत जातो. तिथे नऊशे अंशांच्या वर, कार्बन असलेल्या वायूत तो काही तास ठेवतात आणि मग तेलात बुडवतात. वरची कातडी कडक होते, आतला गाभा चिवट राहतो. एका लोडला, म्हणजे एक घाणा म्हण, सात-आठ तास. टोपली गच्च भरलेली असो नाहीतर तिच्यात चाळीसच गिअर असोत, वेळ तेवढाच लागतो. सगळी गोम इथेच होती.

रोज साडेनऊला माझी मीटिंग असायची. कुणाचा माल अडकलाय, कोण ओरडतंय. ज्याचं गिऱ्हाईक जास्त ओरडेल त्याच्या ट्रॉलीला मी लाल टॅग बांधायची. लाल टॅग म्हणजे भट्टीत पहिला नंबर. पहिल्या आठवड्यात पाच टॅग होते. दोन महिन्यांत शॉपवर बघावं तिकडे लाल. मग कुणीतरी एकेका ट्रॉलीला दोन-दोन टॅग बांधायला लागलं. भट्टीवरचे सुपरवायझर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, एकदा हातातला ग्लोव्ह काढून मला म्हणाले, "मॅडम, आता बिनटॅगची एखादी ट्रॉली दाखवा. बिचारीला आधी घालतो." आजूबाजूचे हसले. मला राग आला. मला वाटायचं, हा माणूसच ढिला आहे. मी त्यांच्याविरुद्ध वरती दोन मेल केले होते. त्या वर्षी त्यांची वेतनवाढ अडली. ती माझ्यामुळे की आणखी कशामुळे, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आता बघ काय चाललं होतं. टॅगवाला माल थांबायला नको म्हणून मामा चाळीस गिअरसाठी अख्खी भट्टी लावायचे. आठ तास गेले. मागे तीन गिऱ्हाइकांचा माल साचला. ती ओरडली. मी त्यांना टॅग बांधले. मग त्यांच्यासाठी पुन्हा अर्धी टोपली, पुन्हा आठ तास. भट्टी रात्रंदिवस चालू आणि पोट अर्धं रिकामं. त्यात मशीन शॉपवाले शहाणे झाले. भट्टीत वेळ जातो ना, मग आपण दहा दिवस आधीच माल सोडू, असं म्हणून नको असलेला मालही ढकलायला लागले. ट्रॉल्यांमधून चालायला वाट राहिली नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना, ते मी रोज सकाळी साडेनऊला, वहीत तारीख घालून करत होते.

पहिलं पुस्तक हाती लागलं ते 'द गोल'. एलियाहू गोल्डरॅट हे मुळात इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी जेफ कॉक्स यांच्यासोबत लिहिलेली ही कादंबरी १९८४ची. हो, कादंबरी! तीन महिन्यांत कारखाना सावरला नाही तर तो बंद करायची धमकी आणि मेटाकुटीला आलेला प्लांट मॅनेजर. त्यात तो शाळकरी मुलांना घेऊन डोंगरात चालायला जातो. रांगेत हर्बी नावाचा एक जाडगेला मुलगा असतो. बाकीचे कितीही पळाले तरी रांग पोचते हर्बी पोचतो तेव्हाच. मग ते त्याला पुढे काढतात आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीतलं ओझं वाटून घेतात. नंतर त्याला आपल्या कारखान्यातले हर्बी सापडतात. एक मोठं मशीन आणि दुसरी, तुला सांगते, भट्टी! हीट ट्रीटमेंट! नाशिक फाट्याला बस सिग्नलला उभी होती आणि मी पुस्तक मिटून बाहेर बघत बसले.

(त्यातल्या नायकाची बायको घर सोडून जाते. बाबाजी कारखान्यातून हलत नाहीत म्हणून. त्या रात्री मी तुझ्या भावोजींना कारण न सांगता भरलं वांगं करून घातलं.)

पण 'द गोल'नं मला भट्टी दाखवली, मी मला दिसले नाही. भट्टी उपाशी कोण ठेवतंय हा प्रश्न मला नंतरच्या पुस्तकांनी विचारला, आणि त्यांचं मूळ शोधत गेलं की एकाच माणसापाशी पोचतो. जे फॉरेस्टर. बाबांना हा माणूस फार आवडला असता. अमेरिकेत नेब्रास्कात गुरांच्या रँचवर वाढलेला. घरी वीज नव्हती तर शाळेत असताना जुन्या गाड्यांचे भाग जोडून यानं वाऱ्यावर चालणारी विजेची सोय केली. पुढे एमआयटीत संगणकाच्या स्मृतीवर मोठं काम केलं आणि १९५६मध्ये सगळं सोडून तिथल्याच मॅनेजमेंट शाळेत गेला. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्याला आपलं गाऱ्हाणं सांगितलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या लागायच्या आणि काही वर्षांनी निम्मे लोक घरी बसवावे लागायचे. सगळे म्हणायचे, बाजारच तसा आहे, तेजी-मंदी. फॉरेस्टरनं वहीत रकाने आखले. आज इतका साठा, इतक्या ऑर्डरी, इतके कामगार, तर तुमच्याच नियमानं पुढच्या आठवड्यात तुम्ही काय कराल? असं आठवड्यामागून आठवडा. मागणी अगदी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या वर-खाली हेलकावत राहिली. बाजार निर्दोष होता. हेलकावा त्यांच्या भरतीच्या आणि साठ्याच्या नियमांतून येत होता. माणसं शहाणी होती, प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी बरोबर वाटणारा होता, आणि तरी.

हे तुला नुसतं ऐकून पटणार नाही. पण तू ते खेळली आहेस. आठवतं, लॉकडाऊनच्या पहिल्या मे महिन्यात ओसरीवर चिंचोके घेऊन बसलो होतो? फॉरेस्टरच्या मंडळींनी एमआयटीत साठच्या दशकात तो खेळ तयार केला. मूळ खेळ बिअरच्या पेट्यांचा. बाबांपुढे कसं म्हणणार, म्हणून मी लोणच्याच्या बरण्या केल्या. तू दुकानदार, काका घाऊक व्यापारी, आत्या वितरक, बाबा कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायला वेळ. पडून राहिलेल्या बरणीला आठवड्याला पन्नास पैसे, देता न आलेल्या बरणीला रुपया. आणि आई गिऱ्हाईक, तिच्या हातात पत्ते.

सातव्या आठवड्यात तुझ्याकडचा माल संपला आणि तू काकांवर डोळे वटारायला लागलीस. जास्त मागवलं तर थोडं तरी येईल म्हणून तू वीस लिहिलेस. काकांनी तुझे वीस बघून तीस लिहिले. आत्यानं मनातल्या मनात काकांचा उद्धार केला आणि तिनं चाळीस. बाबांनी डोकं खाजवून कारखाना दामदुप्पट केला. मग सगळा माल एकदम आला. आठवतो तो चिंचोक्यांचा ढीग? बाबांपुढे चिठ्ठ्या येत होत्या शून्य, शून्य, शून्य. शेवटी मी तू सोडून बाकी तिघांना विचारलं, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती असं वाटतं, रेघ काढून दाखवा. तिघांनीही डोंगरदऱ्या काढल्या. आत्या म्हणाली, "वहिनीनं मुद्दाम त्रास दिला." आणि आईनं पत्ते उलटे केले. पहिले चार आठवडे चार-चार. पाचव्यापासून शेवटपर्यंत आठ-आठ. "मी तर एकदाच वाढवलं गं," म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

बाबा मात्र बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तर आपला कांदाच झाला." कांद्याला भाव आला की निफाड तालुक्यात जो तो रोपं टाकतो. आज टाकलेलं रोप बाजारात यायला कित्येक महिने. तोवर सगळ्यांचाच येतो. लासलगावला ट्रॅक्टरची रांग लागते, भाव आपटतो, पुढच्या वर्षी लोक हात आखडतात, आणि पुन्हा भाव चढतो. (निर्यातबंदीनं यात जी भर पडते, तो विषय बाबांपुढे काढायचा नाही, हे तुला ठाऊक आहेच.) अमेरिकेतले प्राध्यापक ज्याला विलंब आणि अतिप्रतिसाद म्हणतात, ते बाबांनी पदरचे पैसे घालून शिकलेलं होतं. फरक एवढाच की त्यांना ते शेतातलं दुखणं वाटत होतं आणि मला कारखान्यातलं.

माझ्या लाल टॅगांचं दुसरं काय होतं? तुझ्या वीस बरण्या आणि माझे दोन-दोन टॅग, एकच गोष्ट. माल मिळणार नाही या भीतीनं जास्तीचं मागायचं, आणि त्या मागण्यानंच माल न मिळण्याची पाळी आणायची.

डोनेला मीडोज बाईंचं पुस्तक मी बरंच नंतर वाचलं, खरं तर ते आधी वाचायला हवं. 'थिंकिंग इन सिस्टीम्स'. त्यांनी ते १९९३च्या सुमारास लिहून काढलं होतं, हस्तलिखित हातोहात फिरत होतं. २००१मध्ये त्या गेल्या, साठीही गाठली नव्हती, आणि पुस्तक छापून आलं २००८मध्ये. १९७२चं ते गाजलेलं 'द लिमिट्स टू ग्रोथ', त्यातही त्या होत्या. लिहिणं इतकं सोपं की वाटतं शेजारी बसून भाजी निवडत बोलतायत. त्या न्हाणीतला टब घेतात. नळानं पाणी येतं, मोरीनं जातं, मध्ये साचतं. आपण सोसायटीची टाकी म्हणू. टाकीत पाणी किती आहे त्यावर लोक नळ सोडतात, पण टाकी एका क्षणात भरत नाही नि रिकामीही होत नाही. सगळा घोळ या साचण्यात आणि वेळ लागण्यात.

त्यातलं एक उदाहरण मी तुझ्यासाठी खुणेची चिठ्ठी घालून ठेवलंय. गाड्यांचा एक विक्रेता आहे. खप थोडा वाढतो, त्याचा साठा कमी-जास्त हेलकावायला लागतो. तो म्हणतो, मी फार सावकाश हलतोय, आता झटपट ऑर्डर बदलेन. आणि हेलकावे वाढतात. उलट तो जरा दमानं घ्यायला लागतो तेव्हा ते शांत होतात. मने, हे पान वाचून मी खरोखर चिडले होते. आयुष्यभर मला 'चटपटीत आहे हो पोरगी' म्हणूनच शाबासकी मिळाली होती. शाळेत, सासरी, कंपनीत. आणि ही बाई मला आकडे मांडून दाखवत होती की तुझा चटपटीतपणा हाच तुझ्या कारखान्याचा आजार आहे. तुलाही हे जड जाणार. आपण दोघी एकाच आईच्या.

मग मी काय केलं? फार काही नाही. टॅगांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि दिवसाला तीनच द्यायचे ठरवलं. चौथा हवा असेल तर आधीच्या तिघांपैकी एकाकडून मागून आणायचा. मामांना सांगितलं, टोपली भरल्याशिवाय भट्टी लावू नका, कडक थराची खोली सारखी असलेले जॉब एकत्र घ्या, क्रम तुम्ही ठरवा. मशीन शॉपला सांगितलं, भट्टी मागेल तेवढाच माल सोडा, मशीन बसून राहिलं तरी चालेल. यावर केवढा गदारोळ झाला म्हणून सांगू! मशीन बसलेलं दिसणं म्हणजे आमच्याकडे पाप.

पहिले दोन आठवडे परिस्थिती आणखी बिघडली. साचलेला माल आधीच इतका होता की भरल्या टोपल्यांनीही तो उपसायला वेळ लागणार होता. साहेबांनी मला दोनदा आत बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं असतं तर मी टॅग परत वाटले असते, खोटं कशाला सांगू. सहाव्या-सातव्या आठवड्यात मधली वाट मोकळी दिसायला लागली. साडेनऊची मीटिंग आधी पंधरा मिनिटांवर आली, मग आठवड्यातून दोनदा झाली. आणि कुणीही काहीही म्हणालं नाही. आग लागलीच नाही तर टाळ्या कशासाठी वाजवणार? त्या वर्षीचं बक्षीस डिस्पॅचच्या एका मुलाला मिळालं. तो गिअर स्वतःच्या गाडीतून रात्री गिऱ्हाइकाकडे पोचवून आला होता. मिक्सर मिळाला त्याला. मला हेवा वाटला, हेही खरं.

त्यानंतर माझ्यात एक खोड आली, ती तुला लागू नये म्हणून सांगते. पुस्तकांचा माज चढला. मॅनेजमेंटच्या बैठकीत मी फळ्यावर बाणांची वर्तुळं काढायला लागले. इथून हे वाढतं, तिथून ते घटतं, हे बघा सर, फीडबॅक लूप. लोक मोबाईल बघायचे. एकदा फायनान्सचे एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "म्हणजे मॅडम, कुणाचीच चूक नाही?" मी म्हणाले, "नाही सर, सिस्टीमची आहे." ते नुसते मान हलवून चहा प्यायला लागले. तेव्हा मला वाटलं, यांना कळत नाही. आता वाटतं, त्यांना चांगलंच कळलं होतं. सिस्टीमची चूक म्हणणं फार सोयीचं असतं. त्यातून आपण अलगद बाजूला होतो.

याचा फटकाही बसला. इन्स्पेक्शनचा एक मुलगा गेज न लावताच आकडे भरत होता. मला दोघांनी सांगितलं. मी म्हणाले, माणसाला दोष देऊ नका, पद्धत बघा. तीन महिने तसेच गेले आणि एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. तो मुलगा खोटं लिहीत होता, हे सरळ होतं. त्याला बाजूला काढायला हवं होतं. पण मने, त्याच्या जागी दुसरा आला आणि दोन महिन्यांत त्याचेही आकडे संशय यावा इतके गोजिरवाणे दिसायला लागले. मग लक्षात आलं की दर सोमवारी रिजेक्शनचे आकडे नावासकट वाचून दाखवायची प्रथा होती. कोण खरं लिहील? म्हणजे दोन्ही खरं होतं, त्या मुलाची चूकही आणि सोमवारचं ते वाचनही. यातलं आधी काय हाताळायचं हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग मी त्याच सुमारास वाचले. युद्धानंतर जपानी उद्योगाला गुणवत्ता शिकवायला गेलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा लाल मण्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खोक्यात ४,००० मणी, त्यातले ८०० लाल. पन्नास खळग्यांची फळी बुडवून मणी काढायचे, लाल मणी म्हणजे खराब माल. श्रोत्यांतूनच कामगार बोलवायचे आणि डेमिंग स्वतः मुकादम व्हायचे. कमी लाल आले त्याची स्तुती, जास्त आले त्याला दटावणी, पुढच्या फेरीत स्तुतीवाल्याचेच जास्त येऊ शकतात. बिचारा कामगार मणी डोळे मिटून काढो की मन लावून, खोक्यात पाचवा हिस्सा लालच. हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले, आणि माझे ते दोन मेल.

मी त्यांना सॉरी म्हणाले का? नाही गं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना गुलाबाचा हार घातला आणि 'मामा, तब्येतीची काळजी घ्या' म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता तुझं. तुझ्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सकाळी दहाला 'आज घरी जा' म्हणतात आणि बिल हातात पडतं पाचला. नातेवाईक काउंटरवर ओरडतात, आणि तू बिलिंगला दोन पोरं वाढवायचा प्रस्ताव लिहिते आहेस. पाठवू नकोस तो अजून. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल कदाचित. मीडोज बाई एकदा जागतिक व्यापाराच्या करारांवरच्या एका बैठकीत ऐकून ऐकून वैतागल्या, उठून फळ्यापाशी गेल्या आणि यंत्रणेत कुठे हात घातला तर किती फरक पडतो याची एक उतरंड लिहून काढली. पुढे ती बारा पायऱ्यांची झाली. त्यात सगळ्यात तळाला, सगळ्यात कमी जोराचं काय, तर आकडे बदलणं. इतके कारकून, तितक्या खिडक्या. आणि आपण मॅनेजर लोक सगळा जीव तिथेच घालतो, कारण ते मंजूर करून घेता येतं.

त्यापेक्षा एक दिवस एकच फाइल धरून बस. टेबलावर नाही, फाइलच्या मागे मागे. डॉक्टरांनी सही कधी केली, डिस्चार्ज समरी टाइप कधी झाली, वॉर्डातून उरलेली औषधं फार्मसीला कधी परत गेली, विमा कंपनीला कागद कधी गेले, त्यांची शंका कधी आली, तिचं उत्तर कुणाच्या टेबलावर पडून राहिलं. वेळ लिहीत जा, मिनिटासकट. मला खात्री आहे, बिलाची पोरं तुला बहुतेक वेळ वाट बघतानाच दिसतील.

आणि तू काल बोलता बोलता जे म्हणालीस त्याकडे तुझंच लक्ष नव्हतं. "वॉर्डवाल्या सिस्टर पण ना, पेशंट उद्या जाणार असला तरी आजच फाइल खाली पाठवतात, वेळ लागतो म्हणून." मने! त्या वीस बरण्या आहेत गं. उद्याच्या फाइली आजच्या फाइलींवर बसल्या आहेत. त्यामुळे आजच्यांना उशीर, म्हणून सिस्टर आणखी आधी पाठवतात. यात एकही सिस्टर वाईट नाही. आणि हेही बघ, रोज सकाळी तू 'आजचे डिस्चार्ज किती, लवकर पाठवा' असा मेसेज ग्रुपवर टाकतेस, त्याचा यात वाटा किती. रागावू नकोस. मी नऊ वर्षं लहान असते तर मीही रागावले असते.

मीडोज बाईंनी हॉलंडमधल्या घरांची एक गोष्ट सांगितलीय. एकाच वसाहतीतली सारखी घरं, पण काहींचं विजेचं मीटर तळघरात आणि काहींचं दर्शनी दारापाशी, येता-जाता दिसेल असं. दाराशी मीटर असलेल्यांनी जवळजवळ तिसरा हिस्सा वीज कमी वापरली. नियम नाही, दंड नाही, नुसतं दिसत होतं. तुझ्या वॉर्डात फाइल खाली कधी गेली आणि तिथे किती फाइली आधीच रांगेत आहेत हे सिस्टरना कुठे दिसतं? लिफ्टजवळ एक पांढरा फळा लाव. खर्च किती, सातशे-आठशे रुपये? त्याला मंजुरीही लागणार नाही.

आता पुस्तकांचं. पार्सलमध्ये चार आहेत. 'द गोल' दोन रात्रींत होईल. मीडोज बाई सावकाश वाच, रोज दहा पानं. पीटर सेंगे यांचं 'द फिफ्थ डिसिप्लिन' हे १९९०चं, जाडजूड. त्यातलं बिअरच्या खेळाचं प्रकरण आणि 'ओझं सरकवणं' म्हणजे तात्पुरत्या मलमपट्टीची सवय लागणं, तेवढं आधी वाच. सामायिक स्वप्न वगैरे प्रकरणं मी तीनदा सुरू केली आणि तीनदा बसमध्ये झोपले. कदाचित माझंच चुकत असेल. त्यात हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बसून मरणाऱ्या बेडकाची गोष्ट येईल. ती ट्रेनिंगमध्ये कुणाला सांगू नकोस. बेडूक उडी मारतो, जीवशास्त्रवाल्यांनी ते कधीच सांगितलंय. डेमिंगचं पुस्तक कोरडं आहे. ते दुखणं उठलं की वाच, आधी नको.

समासात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसेल. बसमध्ये लिहिलंय म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. काही ठिकाणी नुसतं 'मी' एवढंच लिहून खाली दोन रेघा मारल्यात. ते काय आहे ते विचारू नकोस, तुझ्या पानांवर तुझं तू लिही.

फाइलच्या मागे बसलीस की त्या रात्री फोन कर, कितीही वाजले तरी. आणि मने, डिनर सेटचं बाबांना सांगू नकोस. पाहुणे आले की ते अजून आईला तो वरच्या फळीवरून काढायला लावतात, आणि ताटली उलटी करून नाव दाखवतात.